तुम्ही विचारलंत म्हणून : पाण्याखालचे कान आपण विकत का घेतो?

नौदलात सोनारवर, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर होतो हे कळलं की लोक हा प्रश्न विचारतातच. एसटीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववीतल्या मुलीने तो सगळ्यांत नेमका विचारला : "काका, आपण चंद्रावर यान उतरवलं, मग पाणबुडी शोधायचं यंत्र जर्मनीकडून का घेतलं?" तास संपत आला होता. तिला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

आधी विहीर आठवा. मे महिन्यात विहिरीत उतरलात की वरचं पाणी कोमट लागतं आणि पाय खाली सोडले की पोटऱ्या गारठतात. समुद्रातही तसेच थर असतात. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, पण कोमट पाण्यात जरा जास्त, गार पाण्यात जरा कमी, आणि जिकडे वेग कमी तिकडे तो वळतो. म्हणजे जहाजाच्या तळातल्या सोनारने सरळ पुढे सोडलेला आवाज वाटेत खाली झुकतो आणि त्याच्या पलीकडे एक सावली तयार होते. हुशार पाणबुडीवाला त्या सावलीत बसून राहतो. १९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाचं सोनार ग्वांतानामोजवळ सकाळी नीट चालायचं आणि दुपारी बहिरं व्हायचं. जेवून सुस्तावलेल्या ऑपरेटरांवर संशय घेतला गेला. खरं कारण उन्हाने तापलेलं वरचं पाणी होतं.

मी पहिल्या जहाजावर गेलो तेव्हा आमचा सेट ब्रिटिश होता. काळोखी खोली, कानाला हेडफोन, समोर हिरवट पडदा. किनाऱ्याजवळ आलो की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू व्हायचा. तो असतो एका जातीच्या कोळंबीचा, ती नांगी आपटते. उथळ, उबदार पाण्यात ती लाखोंनी असते. त्या तडतडीतून जहाज ढकलणाऱ्या पंख्याची एक लय वेगळी काढायची आणि ती मासेमारी ट्रॉलरची की आणखी कशाची हे ठरवायचं. पुस्तक इंग्लंडहून आलेलं, त्यात या तडतडीवर दोन ओळी होत्या. आम्ही शिकलो ते जुन्या पेटी ऑफिसरांकडून, म्हणजे अनुभवी वरिष्ठ नौसैनिकांकडून.

आता खुकरीचं सांगतो, कारण या विषयात ते नाव टाळून पुढे जाता येत नाही. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवसमोरच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. हंगोर फ्रेंच बनावटीची, नवी. खुकरी ब्रिटिश, अटलांटिकमधल्या ताफ्यांच्या राखणीसाठी आखलेली फ्रिगेट, म्हणजे राखणीची युद्धनौका. तिचं सोनार दूरचं ऐकत नव्हतं, आणि ते सुधारायचा प्रयोग त्याच मोहिमेत जहाजावर चालू होता, त्यासाठी वेग कमी ठेवला होता. दोन्ही बाजूंची यंत्रं परदेशीच होती. आपलं जुनं होतं, आणि दुसऱ्याच समुद्राच्या हिशेबाने बनवलेलं होतं. आमच्या वर्गात ही तारीख शिकवली जायची तेव्हा कुणी खोकतही नसे.

त्यानंतर जे झालं त्याचा मला अभिमान आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून नौदलात आलेल्या आरोग्यस्वामी पॉलराज यांनी आधी तो जुना ब्रिटिश सेट सुधारला आणि मग कोचीच्या प्रयोगशाळेत ‘अप्सोह’ हे पूर्ण देशी सोनार उभं केलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या हिमगिरी या युद्धनौकेवर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या चाचण्या झाल्या. जहाजाच्या तळात बसणारं सोनार आपण तेव्हापासून बनवतो आहोत, आणि चांगलं बनवतो.

मग जर्मनीकडून काय घेतलं? ते आहे टोड अ‍ॅरे. तळातल्या सोनारला स्वतःच्याच इंजिनाचा गोंगाट ऐकू येतो आणि ते वरच्या कोमट थरात अडकलेलं असतं. म्हणून जहाजाच्या मागून लांबच लांब केबल सोडायची, तिच्यावर कान बसवायचे आणि ते कान थराच्या खाली, इंजिनापासून दूर ओढत न्यायचे. सांगायला सोपं आहे. पण ती केबल खवळलेल्या समुद्रात ताण सोसली पाहिजे, पाणी आत गेलं नाही पाहिजे, विंचने रोज सोडता-गुंडाळता आली पाहिजे. आपले प्रयत्न इथे वर्षानुवर्षं रेंगाळले. ऑगस्ट २०१४ मध्ये कामोर्टा ताफ्यात आली, खास पाणबुडीविरोधी जहाज, आणि तिच्या मागे ही केबल नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅटलस इलेक्ट्रोनिक या जर्मन कंपनीशी ६ संचांचा करार झाला.

माझं मत विचाराल तर ती खरेदी योग्य होती आणि फार उशिरा झाली. आपलं तयार होईपर्यंत थांबू, हे किनाऱ्यावर बसून म्हणायला ठीक आहे. वॉचवरचा पोरगा तोवर बहिऱ्या जहाजात बसलेला असतो.

पण विकत घेताना मी दोन गोष्टींवर अडून बसेन. पहिली, यंत्राची पेटी आपल्याला उघडता आली पाहिजे. आमच्या एका परदेशी सेटचा एकच बोर्ड गेला होता. तो उघडायची आम्हाला परवानगी नव्हती आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत दीड महिना आम्ही त्याविनाच समुद्रात गेलो. पोखरणनंतर १९९८ साली निर्बंध आले तेव्हा सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. पाण्यात सोनार बुडवून पाणबुडी शोधणारी हेलिकॉप्टरं ती. दुसरी गोष्ट, पाण्याची नोंद आपली पाहिजे. कुठल्या महिन्यात, कुठल्या खोलीवर, किती तापमान, किती क्षार, हे यंत्रात भरल्याशिवाय जर्मन काय आणि देशी काय, दोन्ही अंदाजच करतात. कोचीच्याच प्रयोगशाळेचं सागरध्वनी हे जहाज १९९४ पासून या कामावर आहे. तिच्यावर फुलं वाहायला कुणी जात नाही, पण आमच्या दृष्टीने ती एखाद्या विनाशिकेइतकी मोलाची आहे.

हे सगळं त्या मुलीला सांगायचं होतं. वेळ नव्हता म्हणून एवढंच म्हणालो, की बाटलीला दगड आणि बुचाला दोरी बांध, विहिरीत खाली सोडून बूच ओढ, वर काढलंस की लगेच थर्मामीटर घाल. परवा तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दुपारी ३ वाजता वरचं पाणी ३१ अंश, तळाचं २६. खाली लिहिलं होतं : सकाळचं रविवारी मोजणार.