मोहरीचा दाणा

महाशिवरात्रीला आमच्या गल्लीतून मुक्ताईनगरला दिंडी जाते. भुसावळपासून वाट तीसेक किलोमीटरची. मी ख्रिस्ती, पण यंदा शेजारच्या काकूंसोबत चालले. पप्पा गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नव्हती. कितीतरी दिवस भाकरी त्यांच्याकडूनच यायची. त्या म्हणाल्या, "चाल माय." नाही कसं म्हणणार?

मनात एक काटा रुतून होता. पप्पांसाठी आम्ही रात्र रात्र गुडघ्यांवर होतो. मातीच्या दिवशी आमच्यातलंच कुणी म्हणालं, "तुमचा विश्वास कमी पडला." त्यानंतर माझ्याकडून धड प्रार्थना झाली नाही.

चालताना काकूंनी चांगदेवाची गोष्ट सांगितली. 1400 वर्षं जगलेला योगी. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं तर मायना सुचेना, म्हणून कोरा कागदच धाडला. मुक्ताई म्हणाली, एवढं जगून हा कोराच! मला बायबलमधलं याकोबाचं पत्र आठवलं. देव एकच आहे हे भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. मानणं वेगळं, त्याच्यावर भार टाकणं वेगळं.

वरणगावला मुक्काम. काकू वरणाला फोडणी देत होत्या. तेलातून एक मोहरी उडाली ती थेट माझ्या मनगटावर. केवढासा दाणा, पण त्वचेवर लाल ठिपका उठला. मोहरीएवढ्या विश्वासानं डोंगर हलेल, हे वचन मला लहानपणापासून पाठ. पण ते कोणत्या प्रसंगी आलं? आजारी मुलाला शिष्य बरं करू शकले नाहीत, त्यावेळी. मत्तयाच्या 17व्या अध्यायात अल्पविश्वासाचा बोल शिष्यांना लागतो, बापाला नाही. तोच बाप मार्कच्या 9व्या अध्यायात ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर येशूनं त्याला माघारी धाडलं नाही. त्याचा मुलगा उठला, माझे पप्पा उठले नाहीत. ते दुःख आहेच. पण आमचा विश्वास मापायला तराजू कुणी कुणाच्या हाती दिला होता?

दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. केळीच्या बागेशेजारी मी थांबले, तर काकूही थांबल्या. "बस ना माय. देव काही पयून नही जात."

कोथळीला, मुक्ताईच्या मंदिरापाशी, सगळे दर्शनाच्या रांगेत गेले. मी बाहेर त्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत बसले. डोळे मिटले. मागायला काही सुचलं नाही. त्या बापाचंच वाक्य म्हटलं, दोनदा. काकू परत आल्या तेव्हा मी रडत होते. त्यांनी काही विचारलं नाही, पदरानं माझं तोंड पुसलं आणि माझी पिशवीही आपल्याच खांद्याला अडकवली.