सरांनी सांगितलेले ॲस्टन मास्तर

आठवीत वर्गावर्गांच्या मॅचमध्ये पीटीच्या सरांनी मला लाल कार्ड दाखवलं आणि मी मैदान सोडेचना, 'मी काय केलंय' म्हणत तिथंच उभा. सर ओरडले नाहीत, कार्ड तसंच वर धरून थांबले. मॅच संपल्यावर पाण्याच्या टाकीजवळ बसवून त्यांनी केन ॲस्टन यांची गोष्ट सांगितली.

ॲस्टन इंग्लंडचे नावाजलेले रेफ्री, पण पेशानं शाळामास्तर, पुढं हेडमास्तर झाले. 'मास्तर होते बरं का' हे सर दोनदा तरी म्हणाले असतील! १९६२ च्या वर्ल्डकपला सँटियागोत चिली-इटली मॅच त्यांच्याकडे होती, फुटबॉल कमी आणि लाथाबुक्क्याच जास्त, आठव्या मिनिटाला इटलीच्या फेरिनीला बाहेर काढलं तर तो जाईना, शेवटी पोलिसांना आत यावं लागलं. तेव्हा कार्डं नव्हतीच, सगळं तोंडानं आणि हातवारे करून सांगायचं, आणि समोरच्याला आपली भाषा कळत नसेल तर?

तेच १९६६ ला वेम्बलीवर झालं. इंग्लंड-अर्जेंटिना क्वार्टर फायनल, रेफ्री जर्मन, बाहेर काढलेला रातीन स्पॅनिश बोलणारा, तो हलेचना. ॲस्टन तेव्हा रेफ्रींचे प्रमुख होते, ते स्वतः मैदानात जाऊन त्याची समजूत घालत होते. वर त्याच मॅचमध्ये आपल्याला ताकीद मिळालीय हे इंग्लंडच्या चार्लटन भावांना दुसऱ्या दिवशी पेपरमधनं कळलं म्हणे. हे सगळं डोक्यात घोळत असताना ॲस्टन लंडनमध्ये गाडी चालवत होते, केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल पिवळा झाला, मग लाल, आणि तिथंच सुचलं, पिवळं म्हणजे जरा दमानं, लाल म्हणजे थांब, चल बाहेर. १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपला कार्डं आली.

सँटियागोची मॅच त्यांच्या हातातनं सुटली असं लोक अजून म्हणतात. मला ते पटत नाही. तसल्या मॅचमधनं गेलेल्या माणसालाच ही अडचण इतकी जवळून कळली असणार.

सर स्वतः सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला शिट्टी घेऊन उभे असायचे, स्टँड खच्चून भरलेलं, शिव्या पण पडायच्या, आणि सोमवारी सकाळी प्रार्थनेला सर हजर, कपड्यांना कडक इस्त्री.

आता मी शाळांच्या मॅचेस घेतो. गेल्या सीझनला एक पोरगं लाल कार्ड बघून हटेना. मी काही बोललो नाही, हात तसाच वर ठेवला. मॅच संपल्यावर त्याला टाकीजवळ बोलावलं.