नागपूरले कायले जाता? गोंदिया ते बल्लारशा, मधल्या लाइनने

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पत्रिकांचा ढीग पडतो. यंदा मावसबहिणीच्या मुलीचं लग्न बल्लारशाजवळच्या राजुऱ्याला होतं. घरात सगळ्यांचा हिशेब एकच: गोंदियाहून नागपूर, नागपूरहून बल्लारशा. म्हणजे आधी पश्चिमेला जायचं, मग दक्षिणेला उतरायचं, तीनशे चाळीसेक किलोमीटर. नागभीडवरून तेच अंतर अडीचशेच्या आत आहे. उपराजधानीच्या फलाटावर बॅगा राखत बसण्यापेक्षा मी बायकोला म्हटलं, या वेळी मधल्या लाइनने, वडसा-नागभीडवरून जाऊ.

"अन् गाडी चुकली तं?"

शंका रास्त होती. या लाइनवर एक गाडी चुकली की दुसरीसाठी अर्धा दिवस जातो. म्हणून पहिलाच सल्ला: सकाळचीच गाडी धरा, आणि आदल्या रात्री वेळ पुन्हा तपासा. तिकीट काढताना खिडकीवर 'व्हाया नागभीड' असं स्पष्ट सांगा, कारण बल्लारशा म्हटलं की नागपूरचा मार्गही निघू शकतो. ॲपवर शोधताना नावांचा घोळ आहे. आपण नागभीड म्हणतो, रेल्वे 'नागभीर' लिहिते. देसाईगंजच्या स्टेशनाचं नाव वडसा, तेव्हा देसाईगंज शोधू नका, वडसा शोधा. पॅसेंजरच्या तिकिटावर सुपरफास्टमध्ये चढू नका, दंड भरावा लागतो.

गोंदिया सोडलं की हिरडामाली, सौंदड, अर्जुनी. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, कुठे कापून टाकलेल्या कडपा, कुठे पुंजणे रचून झालेले. डबा अर्धा रिकामा होता. वडशाला मात्र भरला. गडचिरोली जिल्ह्याचा सारा भार कितीतरी वर्षं या एकट्या स्टेशनावर आहे. शिवाय दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम, आणि नाटक मंडळ्यांचं ठाणं म्हणजे वडसा. आमच्या समोर एक जण येऊन बसला. चेहरा धुतलेला, पण कानामागे रंग तसाच आणि डोळ्यांत काजळाची रेघ.

"रात्री खलनायक होतो जी," तो स्वतःच म्हणाला. "पहाटं पाचले पडदा पडला."

मी सांगितलं, आमच्याकडे सगळे नागपूरवरूनच जातात. तो हसला. "नागपूरले कायले जाता जी? ब्रम्हपुरी, सिंदेवाही, मूल, आमचे प्रयोग समदे याच लाइनीवर हायेत. फक्त परतीच्या गाडीच्या भरोशावर राहू नका." वैनगंगेचा पूल येईस्तोवर तो झोपलाही होता. डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून नदी बघून घ्या. पावसाळ्यानंतरचं पाणी, मध्ये वाळूचे पट्टे.

नागभीडला उतरून आलूबोंडे घेतले. पुढे खायला मिळेल या आशेवर राहू नका, पाण्याची बाटलीही इथेच घ्या. इथून नागपूरला जाणारी छोटी (नॅरोगेज) लाइन 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि 106 किलोमीटरच्या ब्रॉडगेजचं काम निघालं. माझ्या वडिलांना त्या छोट्या गाडीचा फार लळा. गाडीतून उतरून लघवीला जाऊन परत चढता यायचं, असं ते छातीठोक सांगतात. मला अर्धंच खरं वाटतं.

सिंदेवाहीच्या अलीकडे गाडी उभी राहिली ती पन्नास मिनिटं. क्रॉसिंग. एकेरी लाइनवर समोरून मालगाडी आली की पॅसेंजरनेच बाजूला व्हायचं, हा इथला रिवाज. गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरणाला एप्रिल 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे, 240 किलोमीटर, 4,819 कोटी. जबलपूर-बालाघाट-गोंदिया ब्रॉडगेज झाल्यापासून उत्तरेतून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांना इटारसी-नागपूर धरायची गरज उरलेली नाही, जबलपूर-चांदाफोर्ट एक्स्प्रेस याच वाटेने येते. तेव्हा दुसरा रूळ हवाच. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. गोंदियाला हावडा लाइनची गाडी येते आणि बल्लारशाहून तेलंगणाकडे गाडी सुटते, या दोन वेळांना आमची पॅसेंजर जुळवा. त्याला रूळ लागत नाही, वेळापत्रक लागतं. दुसरा रूळ टाकून त्यावरूनही मालगाड्याच पळवल्या, तर आम्ही सिंदेवाहीला उभेच.

पुढचा पट्टा जंगलाचा. 2018 च्या नोव्हेंबरात जुनोण्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे याच रुळावर गाडीखाली गेले. तिथे गाडी हळू चालली तर कुरकुरू नका.

चांदाफोर्टला आमची फजिती झाली. चंद्रपुरात दोन स्टेशनं आहेत. वर्धा-बल्लारशा लाइनवरचं 'चंद्रपूर' वेगळं आणि आपल्या लाइनवरचं 'चांदाफोर्ट' वेगळं. भाच्याला मी फोनवर "चंद्रपूरला उतरतो" एवढंच बोललो होतो. तो गाडी घेऊन तिकडे, आम्ही बॅगा घेऊन इकडे. "मामा, तुम्ही दिसून नाही राहिले," असे त्याचे तीन फोन झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. घ्यायला येणाऱ्याला 'चांदाफोर्ट' हाच शब्द सांगा.

तुम्हाला पुढे राजुऱ्याकडेच जायचं असेल तर मुळात इथे उतरू नका, बल्लारशापर्यंत बसून राहा. तिथून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा. ऑटोवाल्याशी भाडं आधी ठरवा.

मांडवात पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती. मावशीने पाणी पुढे केलं आणि विचारलं, "नागपुरात गर्दी होती का रे लय?"