दिवा कधी लावलास?

आई खिडकीशी बसून वाचत होती. बाहेर टळटळीत ऊन, आत भर दुपारीही असतो तसा गार काळोख. फोटो काढावासा वाटला. काढला, तर खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. बाहेरचं झाड पार धुऊन निघालेलं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, कमी केलं तर झाड आलं, पानन् पान आलं, पण आई गेली. उरली एक काळी आकृती, आणि खोली तर जणू नव्हतीच. कॅमेऱ्याला म्हणावंसं वाटलं, अरे, मला तर दोन्ही दिसतंय!

पण खरंच दिसत होतं का? मग मी माझ्याच डोळ्यांवर पाळत ठेवली. झाडाकडे पाहिलं की बाहुली आकसायची, आईकडे वळले की पसरायची. ती पसरून पसरून किती पसरणार, फार तर ८ मिलिमीटर. बाकीचं काम आतला पडदा करतो आणि तो भलता सावकाश आहे. मिट्ट काळोखाला पुरतं सरावायला त्याला अर्धा तासही लागतो. म्हणजे मी झाड वेगळं पाहत होते, आई वेगळी, कोपरा आणखी वेगळा. हे तुकडे डोक्यात कुणीतरी गुपचूप जोडत होतं आणि मला टाका दिसू देत नव्हतं.

हेच जोडकाम फोटोत करायचं म्हणजे एचडीआर, हाय डायनॅमिक रेंज. मी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) कायम ठेवायचं, कारण ते बदललं की कुठवरचं स्पष्ट दिसणार तेही बदलतं आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. बदलायचा तो शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी राहते ते. १/२५०, १/६०, १/१५ सेकंद. दर खेपेला दोन स्टॉप, म्हणजे साधारण चौपट उजेड. पहिल्या फोटोत झाड आलं, दुसऱ्यात आईचा चेहरा. तिसऱ्यात खोलीचा कोपरा आणि तिथलं भिंतीवरचं घड्याळ.

ही सगळी संगणकाची करामत, असं मी कितीतरी दिवस समजत होते. पण १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढताना याच पेचात सापडला होता. त्या वेळच्या काचेच्या निगेटिव्हला निळा उजेड फार चटकन लागायचा. समुद्र नीट यावा म्हणून थांबलं की आकाश कोरं पडायचं. त्याने काही फोटोंसाठी आकाशाची निगेटिव्ह वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि क्षितिजावर सांधून दोन्ही एकाच कागदावर छापल्या. क्षितिज सरळ होतं, हे त्याचं नशीब. माझ्या क्षितिजाला खुर्ची, पुस्तक आणि आईचे भुरभुरणारे केस होते.

अशा ठिकाणी गणितच लागतं. १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातल्या उजेडाचं मूळ प्रमाण काढायची रीत मांडली. मात्र ते प्रमाण पडद्यावर किंवा कागदावर मावत नाही. दाबून बसवावं लागतं. त्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि माणसं बिघडतात ती इथेच. मीही बिघडले.

त्याआधी आईने घोळ घातला. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोच्या मध्ये तिने पान उलटलं. जोडलेल्या फोटोत तिला एक धड हात आणि त्याच्या वर तरंगणारा एक आरपार हात. याला घोस्टिंग म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. सॉफ्टवेअरने विचारलं, कोणता फोटो प्रमाण मानू? मी दुसरा सांगितला. भूत उतरलं.

मग मी स्लायडर ओढत सुटले. सावल्या वर, अजून वर. ऊन खाली. झाडाच्या सालीला सुरकुत्या आल्या, भिंतीचे पोपडे दिसायला लागले, आईच्या साडीचा धागान् धागा. तिच्या डोक्याभोवती संतांच्या चित्रात असतं तसं तेजोवलयही उमटलं. गडद वस्तूमागे उजेड असला आणि टोन मॅपिंग जास्त झालं की हे असं होतं. पण तेव्हा मी इतकी खुशीत होते की तेही मला शोभूनच दिसलं. कोपऱ्यातल्या घड्याळात चक्क चार वाजून दहा मिनिटं वाचता येत होती.

फोटो आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"छान आलाय. पण दिवा कधी लावलास?"

"दिवा नव्हता गं."

"मग घड्याळ कसं दिसतंय? मला तर तिथून कधीच दिसत नाही. तुलाच विचारते ना रोज, किती वाजले म्हणून."

मी परत बसले. वलय पुसलं. झाड तसंच ठेवलं, आईचा चेहराही. कोपऱ्यावरची सावली मात्र हळूहळू खाली आणत गेले. आधी पोपडे गेले, मग आकडे, शेवटी काटे. घड्याळाची नुसती गोल कड उरली तेव्हा थांबले.

मागून आईने विचारलं, "किती वाजले गं?"