आमच्याकडे केराचा आठवडा

शनिवार, रात्री उशिरा

सोमवारी ऑफिसला निघाले तर दाराच्या मुठीला पाटी लटकलेली. केरवोखे. म्हणजे हा आठवडा जिना, तळघराचा पॅसेज आणि बाहेरचा फुटपाथ झाडायची पाळी आमची. श्टुटगार्टला नवीन आले तेव्हा हा शब्द ऐकून वाटलेलं कोणीतरी मराठीच बोलतंय, केर तो केरच आणि वोखे म्हणजे आठवडा, इतका सोपा जर्मन शब्द नंतर एकही भेटला नाही. शहराच्या नियमातून ही सक्ती १९८८ लाच गेली म्हणे, पण आमच्या भाडेकरारात आहे आणि समोरच्या आजींच्या डोक्यात तर आहेच आहे.

(आजी फक्त इथे लिहायला. तोंडावर "झी", म्हणजे जर्मनमधलं "तुम्ही", आणि आडनाव. सात वर्षं दारासमोर दार, त्या ऐंशीच्या पुढच्या, आणि आडनावाने हाक मारताना मला अजून बँकेतून बोलल्यासारखं वाटतं.)

आता झाडायचं कधी? सकाळी अंधारात निघते, अंधारात येते, डिसेंबरात साडेचारलाच दिवस संपतो. रविवारी आवाज करायचा नाही. राहिला शनिवार, तर रविवारी दुकानं बंद म्हणून आठवड्याची सगळी खरेदी शनिवारीच, त्यामुळे आज साडेपाचला एकदाचा झाडू हातात घेतला आणि नेमका आईचा व्हिडिओ कॉल. फोन जिन्याच्या खिडकीत टेकवून झाडत राहिले.

"अगं, दिवे लागलेत ना तिकडे? आणि केर काढतेस?"

म्हणलं आई, जिन्याचा आहे, घरातला नाही. तर म्हणे मग भरून कोपऱ्यात ठेव, सकाळी टाक, लक्ष्मी जाते. कोपऱ्यात ठेवला तर लक्ष्मी राहील पण आजी येतील त्याचं काय?

मागच्या वर्षी नागरिकत्वाची टेस्ट दिली होती. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास, मला ३१. संसद, राज्यघटना, बर्लिनची भिंत, सगळं विचारलं, केराबद्दल एक अक्षर नाही. अर्ज मात्र ड्रॉवरमध्येच पडलाय. जून २०२४ पासून जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात पण आपल्याकडे चालत नाहीत, निळा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं, कार्ड घ्यायचं. नवरा म्हणतो कागद तर आहे नुसता. मग तू भर ना आधी, म्हणलं. तेव्हापासून गप्प आहे.

तर, शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या आणि आजी बाहेर आल्या. कचऱ्याची पिशवी हातात, पण पिशवी निमित्त, हे मला आता कळतं. झाडूकडे बघून म्हणाल्या, दांड्याला ते पिवळं काय लागलंय? हळद. लक्ष्मीपूजनाला इथे केरसुणी कुठून आणणार, म्हणून ह्याच प्लॅस्टिकच्या झाडूला हळदकुंकू वाहिलं, कुंकू पुसलं गेलं पण हळद काही सुटेना. जमेल तसं जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे झाडू म्हणजे लक्ष्मी, पैशाची देवी, दिवाळीत वर्षातून एकदा पूजा करतो. म्हणलं आता हसतील.

हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "फक्त एकदाच?"

आणि बोट दाखवलं. तिसऱ्या पायरीचा कोपरा राहिला होता.