चिखलाच्या घरात तांदूळ ठेवायचा कुठं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरकडे जाणारा माल वाटेतच अडकला. मी तेव्हा पुण्यात एका मोठ्या रिटेल कंपनीच्या स्टोअरमध्ये बॅक-स्टोअर, म्हणजे मागचं गोदाम, सांभाळत होतो.

पूरग्रस्तांना मदत पाठवायला हेड ऑफिसची मंजुरी लवकर आली. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आपत्तीतली मदत आणि पुनर्वसन त्या कामांच्या यादीत स्पष्ट शब्दांत आलं, ते त्याच वर्षी मे महिन्यात. त्यामुळे पैशांचा प्रश्न नव्हता. तांदूळ, तूरडाळ, तेल, तिखट, मीठ, साखर, चहा, साबण, मेणबत्त्या, काडेपेटी असं किट ठरलं.

स्टोअर बंद झाल्यावर पॅकिंग सुरू व्हायचं. कुणालाही सक्ती नव्हती, तरी बिलिंगवरच्या मुली शिफ्ट संपवून थांबल्या. सामान कसं भरायचं ते त्यांनीच ठरवलं. तेलाची पिशवी तांदळाखाली दाबायची नाही, मधे उभी ठेवायची. साबण चहापत्तीजवळ नको, चहाला वास लागतो. एकीने न विचारता प्रत्येक किटमध्ये सॅनिटरी नॅपकिनचं पाकीट टाकायला सुरुवात केली. मंजूर यादीत ते नव्हतं, कारण यादी करताना कुणाला सुचलंच नव्हतं. मुदत संपत आलेली बिस्किटंही पाठवावीत असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा आमच्या स्टोअर मॅनेजर बाई एवढंच बोलल्या, "जे मी शेल्फवर लावणार नाही, ते ट्रकमध्ये जाणार नाही." त्या वाक्यासाठी मला त्यांच्याबद्दल आजही आदर वाटतो.

रस्ता सुरू झाल्यावर ट्रकबरोबर मी गेलो. किणी टोलनाका मागे टाकून शिरोलीहून सांगली रस्त्याला लागलो आणि हातकणंगले, जयसिंगपूर करत शिरोळ तालुक्यातल्या एका गावात पोचलो. पाणी ओसरलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस आडवा झालेला, त्यावर गाळ, आणि कुजल्याचा असा वास की नाकावरचा रुमाल काढवेना.

ग्रामपंचायतीसमोर रांग लागली. एका आजींच्या हातात मी पिशवी दिली. त्यांनी ती उघडून पाहिली आणि शांतपणे परत माझ्यापुढे धरली.

"तांदूळ लई आल्यात बाबा. ह्ये ठेवू कुठं? घरात गुडघाभर चिखल हाय. खोरं आन् फिनेल आसंल तर दे."

त्या मला घरी घेऊन गेल्या. भिंतीवर डोक्याच्या वर पाण्याची रेघ होती. कोपऱ्यात आधी आलेल्या मदतीच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या, खालच्या ओल धरून फुगलेल्या. भांडी वाहून गेलेली. तांदूळ होता, पण शिजवायला पातेलं नव्हतं. माणूस उपाशी राहू नये म्हणून सगळ्यांनी धान्य पाठवलं, ते योग्यच होतं. पण तो टप्पा इथे संपला होता.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. त्यांनी हेड ऑफिसला विचारलं. उत्तर आलं की मंजुरी किटला आहे, दुसरं काही हवं असेल तर नवा प्रस्ताव पाठवा. यामागे हिशेबाचं कारणही होतं. फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं, त्यामुळे प्रत्येक वस्तूची नोंद लागते. पण नोंद नंतरही करता आली असती. ओल्या घरात लेकरं घेऊन बसलेल्या बाईला नव्या प्रस्तावाची वाट पाहायला लावणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

बाईंनी स्वतःच्या अधिकारात स्टोअरमधलं फिनेल, बादल्या, वायपर, झाडू, पातेली काढून दुसरी गाडी भरली आणि मेल मागाहून पाठवला. खोरी, घमेली आम्ही विकत नव्हतो. ती जयसिंगपूरच्या बाजारातून घेतली, पैसे स्टाफने काढले. गाडीबरोबर साप्ताहिक सुट्टी असलेली पोरंही आली. एरवी गोणी उचलणारी ही पोरं, त्यांनी संध्याकाळपर्यंत प्राथमिक शाळेचे वर्ग उपसून काढले. आजींचं घरही त्यांनीच धुतलं.

पुढे स्टोअर मॅनेजरला ठराविक रकमेपर्यंत मदतीतल्या वस्तू जागेवर बदलायचा अधिकार मिळाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा दोन याद्या तयार होत्या, एक पाणी असतानाची, दुसरी पाणी उतरल्यानंतरची. सॅनिटरी नॅपकिन दोन्हींत होते. जनावरांच्या पेंडीचं मात्र अजून जमलेलं नाही. ज्या घराचा रोजचा खर्च दुधावर चालतो, त्याला माणसाच्या धान्याइतकीच पेंडही लागते. आम्ही ती विकत नाही म्हणून यादीत येत नाही. यंदाच्या बैठकीत तो मुद्दा मी पुन्हा लिहून दिला आहे.