‘ऊर्फ’साठी अडीच महिने

आमच्या वाचनालयाच्या आवारात कुसुमाग्रजांचा अर्धपुतळा बसवण्याची परवानगी हातात पडून महिना झाला, तरी एका टेबलावर गेलेले अडीच महिने अजून डोक्यातून जात नाहीत. वर्गणी, जागेचा उतारा, पोलिसांचा ना-हरकत दाखला हे सारे बिनबोभाट जमले. अडले ते नावावर.

अर्जात आम्ही ‘कुसुमाग्रज’ लिहिले होते आणि कार्यकारिणीच्या ठरावात ‘वि. वा. शिरवाडकर’, त्यामुळे फाइलवर शेरा पडला, ‘दोन्ही व्यक्ती एकच असल्याबाबत पुरावा सादर करावा.’ ज्या नाशकात त्यांची हयात गेली आणि 10 मार्च 1999 रोजी ज्यांनी इथेच देह ठेवला, त्यांची ओळख मी इथल्याच कार्यालयात पटवून देत होतो. ‘विशाखा’ आणि ‘नटसम्राट’ यांच्या मुखपृष्ठांच्या झेरॉक्स नेल्या, पण कवितासंग्रहावर कुसुमाग्रज आणि नाटकावर शिरवाडकर, म्हणजे संशयाला पुरावा मीच पुरवला. त्यात उत्साहाच्या भरात बोलून गेलो की जन्मनाव गजानन रंगनाथ, काकांकडे दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. संबंधित साहेबांनी शांतपणे तिसरे नावही टिपून घेतले. तोंड आवरावे, हे मला तेव्हा कळले.

इकडे शिल्पकारांकडे मातीचे मॉडेल ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले. एप्रिलच्या उन्हात दिवसातून तीनदा पाणी मारूनही चष्म्याच्या काडीखाली, कानामागे बोटभर चीर गेली. कला संचालनालयाच्या मान्यतेसाठी हे मॉडेल लागतेच, तरी बाकीची कागदपत्रे पुरी होईपर्यंत माती भिजवू देऊ नये.

शेवटी त्याच कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “काका, पुरावे कशाला आणता? ठरावच नव्याने करा आणि मध्ये ‘ऊर्फ’ घाला.” तसे केल्यावर फाइल आठ दिवसांत पुढे सरकली.

आधीच सांगायला हवे होते ते आता आठवले : पुतळा चौकात हवा असा हट्ट धरू नये, कारण सार्वजनिक रस्त्यांवर व पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. आमचे पहिले तीन आठवडे त्या हट्टातच गेले.

कान आता सांधला आहे. कोनशिलेवर मात्र मी नुसते ‘कुसुमाग्रज’ एवढेच कोरायला दिले आहे.